कोणाचे चुकले?



दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार आपल्यापैकी काहींना आठवत असेल. सकाळच्या मिस्सात, अर्पणविधी सुरू असताना, मधल्या बाकावरचा एक मुलगा ताठ होऊन खाली कोसळला. त्याचे हातपाय झटके देऊ लागले, तोंडातून फेस आला. तो आमचा मुलगा. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

पुढच्या दोन-तीन मिनिटांत पुष्कळ काही घडले. कोणी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, कोणी चप्पल त्याच्या नाकाशी धरली, कोणी त्याचे तोंड उघडून पाणी पाजण्याची खटपट केली. सगळे मदतीच्याच भावनेने. एका वयस्क काकांनी मात्र बाक मागे सरकवला, अंगातला स्वेटर काढून त्याची घडी मुलाच्या डोक्याखाली ठेवली, त्याला कुशीवर वळवले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत ते शांतपणे शेजारी बसून राहिले. त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट्स येत असत, हे आम्हाला नंतर कळले.

त्या गर्दीत हळू आवाजात बोललेले एक वाक्य आमच्या कानी पडले. “आधीच मुलगा तसा, आणि आता हे. आईबापांचं काय चुकलं असेल, देव जाणे!”

बोलणाऱ्या भगिनींचा आम्हाला राग नाही. कारण त्याच रात्री तोच प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला, आणि कितीतरी कठोर शब्दांत विचारला. “तुझ्या मामांना फिट येत होती, हे लग्नाआधी का नाही सांगितलं?” असे एकाने म्हटले. “तो लहान असताना तुला घरी यायला वेळ होता का?” असे दुसऱ्याने. मुलगा आतल्या खोलीत थकून झोपला होता आणि आम्ही बाहेर न्यायालय मांडून बसलो होतो. पुढे कित्येक महिने आम्ही शेवटच्या बाकावर बसू लागलो, आणि मग तेही सोडले.

फादर एकदा घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ हे सारे बोललो. ते म्हणाले, “हा प्रश्न तुमच्या एका घराचा नाही. लिहा.” म्हणून हा लेख. “कोणाचे चुकले?” हा प्रश्न विचारणे योग्य आहे का, यावर आम्हा दोघांना जे उमगले ते आपणांपुढे ठेवत आहोत.

दोन दुखणी, एक घर

आमचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. साडेतीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी तसे निदान केले. तो मोजकेच शब्द बोलतो. डोळ्याला डोळा देत नाही. पंख्याकडे तासन्‌तास बघतो आणि रोजचा रस्ता बदलला की बिथरतो. अपस्मार, ज्याला आपण फिट, फेफरे किंवा मिरगी म्हणतो, ते दुसरे दुखणे. मेंदूतील विजेच्या संदेशांत अचानक गोंधळ उडतो आणि शरीर किंवा भान काही क्षण ताब्यात राहत नाही. असे झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले की त्याला अपस्मार म्हणतात.

आम्हाला वाटले, एका संकटावर दुसरे कोसळले. डॉक्टरांनी सांगितले की ही दोन दुखणी पुष्कळदा एकत्र आढळतात. इतर मुलांमध्ये शंभरात एकाहूनही कमी जणांना अपस्मार असतो. स्वमग्न मुलांत साधारण दहांतील एकाला फिट्स येतात, आणि वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. ज्यांच्या बुद्धीची वाढही मागे राहिली आहे अशा स्वमग्न व्यक्तींत ते पाचांतील एकाच्या आसपास जाते. ज्यांची बुद्धी शाबूत आहे त्यांच्यात ते बारा-तेरांतील एक इतके कमी असते. फिट्स सुरू होण्याचे मुख्य काळ दोन: पहिली पाच वर्षे आणि वयात येण्याची वर्षे. आमचा मुलगा या दुसऱ्या काळात होता.

मग स्वमग्नतेमुळे फिट्स येतात का? की फिट्समुळे मूल स्वमग्न होते? बहुतेक वेळा यांपैकी काहीच नाही. दोन्ही एकाच मुळातून फुटलेल्या फांद्या असू शकतात. मेंदूतील काही पेशी संदेश पुढे ढकलतात, तर काही त्यांना आवर घालतात. मूल पोटात असल्यापासून या दोहोंचा समतोल घडत असतो. तो वेगळ्या रीतीने घडला, तर बोलणे, समजणे, मिसळणे यांवर परिणाम होऊ शकतो आणि फिट्सही येऊ शकतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाच्या आजारात हे स्पष्ट दिसते. दोन ठरावीक जनुकांपैकी एकात बिघाड होतो, मेंदूत लहान लहान गाठी होतात, त्वचेवर पानाच्या आकाराचे फिकट डाग दिसतात. अशा बहुतेक मुलांना फिट्स येतात आणि जवळपास निम्मी मुले स्वमग्न असतात. पुष्कळ घरांत मात्र, आमच्याप्रमाणेच, असे एक नेमके कारण सापडत नाही.

आरोपी बदलत गेले

माणसाला कारण सापडले नाही की तो आरोपी शोधतो. अपस्माराचा इतिहास याची साक्ष देतो. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी, ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस यांच्या नावे असलेल्या एका ग्रंथात ठामपणे मांडले गेले की लोक ज्याला ‘पवित्र रोग’ म्हणतात तो इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. तरीही शतकानुशतके लोक भूतबाधा, शाप आणि पूर्वजांचे पाप यांनाच दोष देत राहिले. आपल्या वाड्यांतही नजर काढणे आणि अंगारे-धुपारे काल-परवापर्यंत चालत होते, आणि गुपचूप आजही चालतात.

स्वमग्नतेच्या बाबतीत आरोपी वेगळा होता: आई. १९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिगत लिहिली आणि या स्थितीला नाव मिळाले. मुले जन्मतःच अशी असावीत, असे त्यांनी त्या लेखात म्हटले होते. पण या मुलांचे आईबाप फारसे मायाळू वाटत नाहीत, असेही त्यांनी नोंदवले, आणि १९४९ साली तर अशा घरांना शीतकपाटाची उपमा दिली. पुढे शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात आईबापांच्या, विशेषतः आईच्या, नाकारण्यामुळे मूल स्वतःत कोंडून घेते, असा सिद्धांत मांडला. त्या काळात कित्येक मातांना सांगण्यात आले की तुमच्या मायेत कमी होती. आधीच रात्रंदिवस झिजणाऱ्या त्या स्त्रियांवर हा घाव विद्वानांनी घातला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोषारोप अडाणी माणसेच करतात असे नाही.

या मातांना निर्दोष ठरवण्यात फिट्सचाही वाटा आहे. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, ही स्थिती मेंदूची आहे असे पुराव्यांनिशी मांडले. त्याच सुमारास लंडनमध्ये मायकेल रटर आणि त्यांचे सहकारी स्वमग्न मुलांची वर्षानुवर्षे पाहणी करत होते. मुले वयात येऊ लागली तसतशा त्यांतील चौथ्या हिश्श्याच्या आसपास मुलांना फिट्स सुरू झाल्याचे त्यांना दिसले. माया कमी पडली म्हणून कोणाच्या मेंदूत विजेचे वादळ उठत नाही. जुळ्या मुलांच्या १९७७ सालच्या अभ्यासाने जन्मजात कारणांना आणखी बळकटी दिली. कॅनर यांनीही १९६९ साली अमेरिकेतील पालकांच्या सभेत उभे राहून आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

हे कळले त्या दिवशी आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो. जी फिट आम्हाला दुहेरी शिक्षा वाटत होती, तशाच फिट्सनी कधी काळी आमच्यासारख्या आईबापांच्या बाजूने साक्ष दिली होती.

कारण आणि दोष

तेव्हा पहिली गोष्ट अशी: कारण शोधणे आणि दोषी शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. कारण शोधणारा मुलाकडे पाहतो. झटका कधी आला, किती वेळ टिकला, आधी काय झाले होते, ते तो विचारतो. दोषी शोधणारा मुलाकडे पाठ फिरवून आईबापांकडे पाहतो. पहिल्याच्या हातून उपचार घडतात. दुसऱ्याच्या हातून घर फुटते.

यावर कोणी म्हणेल, “पण आता तुम्हीच जनुकांचे बोलता. मग दोष आईच्या नाहीतर बापाच्या घराण्याकडे जाणारच ना?” हा आक्षेप आम्ही स्वतःच एकमेकांवर घेतला होता, म्हणून त्याचे उत्तर सांगतो. वर सांगितलेल्या ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये सुमारे दोन-तृतीयांश मुलांत जनुकातील बदल अगदी नवा असतो, आईतही नसतो आणि बापातही नसतो. आणि समजा तो वारशाने आला, तरी आपली जनुके कोणी निवडून घेतलेली नाहीत. आजोबांचे नाक आले म्हणून आपण त्यांना पापी म्हणत नाही. जे निवडले नाही त्याबद्दल माणसाला दोष देता येत नाही, हे नीतीचे साधे तत्त्व आहे. पाप-निवेदनाला जातानाही आपण जाणूनबुजून केलेल्या गोष्टीच सांगतो.

मात्र दोष कोणाचाच नाही म्हणून जबाबदारीही कोणाची नाही, असे होत नाही. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. येथे आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. मिस्सात कोसळण्याच्या चार-पाच महिने आधीपासून मुलगा मधूनच थांबत असे. अर्धा मिनिट ओठ चाटायचा, शर्टाच्या बटणाशी चाळा करायचा, हाक मारली तरी वळायचा नाही. मग भानावर येऊन रडायचा. शेजारच्या आजींनी दोनदा म्हटले, “अगं, हे नेहमीचं नाही.” आम्ही म्हटले, “आजी, तो तसाच आहे.” ‘तसाच आहे’ या दोन शब्दांखाली आम्ही त्याचे नवे दुखणे झाकून टाकले. त्या लहान फिट्स होत्या.

जे मूल बोलू शकत नाही, त्याच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. दुसरे मूल सांगेल, “आई, मला कसंतरी होतंय.” आमच्या मुलाला ते सांगता येत नाही. त्याचे बोलणे म्हणजे आपले बारकाईने पाहणे. प्रत्येक टक लावून पाहणे म्हणजे फिट नव्हे, हे खरे. पण असे पाहणे एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबत असेल, खांद्याला हात लावून किंवा आवडीची वस्तू समोर धरूनही भान येत नसेल, शिकलेले शब्द अचानक गळून पडले असतील, तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. तान्हे बाळ वरचेवर कमरेत वाकून दचकल्यासारखे झटके देत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तेथे उशीर महागात पडतो.

लपवणे हे खोटे बोलणे का?

पुष्कळ घरांत फिट्सची गोष्ट लपवली जाते. आम्हीही लपवली. नातेवाइकांना “उन्हामुळे चक्कर आली” असे सांगितले, कारण घरात मुलाची मोठी बहीण आहे आणि उद्या तिचे लग्न व्हायचे आहे. हे खोटे होते, त्याचे समर्थन आम्ही करत नाही. त्याचे परिणामही भोगले: शाळेत सांगितले नाही, म्हणून तेथे दुसरी फिट आली तेव्हा काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पण आपणांस एक विचारू? जेथे खरे बोलण्याची किंमत मुलीच्या लग्नाने मोजावी लागते, तेथे खोट्याचे पाप एकट्या बोलणाऱ्याचेच का? आपल्या देशात हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत अपस्मार हे लग्न रद्द ठरवण्याच्या कारणांपैकी एक होते. संसदेने १९९९ साली ते काढून टाकले. कायद्याच्या पुस्तकातून निघालेला शब्द ओटीवरच्या गप्पांतून अजून निघालेला नाही. खरे बोला, असे शिकवणाऱ्या समाजाने खरे ऐकून घेण्याचीही तयारी ठेवायला हवी.

गर्दीतला बाप

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका बापाची कहाणी आहे. त्याचा मुलगा बोलत नाही, आणि त्याला झटके येतात. तो पडतो, फेस काढतो, ताठ होतो. ही ओळ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण न बोलणे आणि झटके येणे ही दोन्ही दुःखे एकाच मुलाची आहेत, याकडे आमचे लक्ष आमच्या घरात तसे घडल्यावरच गेले. शुभवर्तमानावरून आजाराचे निदान करू नये, आणि तसे आम्ही करत नाही. पण त्या दृश्यातील माणसे आमच्या ओळखीची आहेत.

शास्त्री आणि शिष्य वाद घालत आहेत, गर्दी जमली आहे, आणि मुलगा तसाच आहे. प्रभू येऊन बापाला विचारतो, हे याला केव्हापासून होते? कोणी पाप केले, हे तो विचारत नाही. पहिला प्रश्न डॉक्टरही विचारतो. आणि बाप जेव्हा दया मागतो, तेव्हा तो एकट्या मुलासाठी मागत नाही. आम्हाला मदत कर, असे तो म्हणतो. दुखणे मुलाचे असले तरी पडलेले असते सारे घर. शेवटी मुलगा मेल्यासारखा दिसतो, पुष्कळजण तसे म्हणतातही. प्रभू त्याचा हात धरून त्याला उभे करतो. जन्मांध माणसाच्या प्रसंगी तर शिष्यांनी सरळ विचारले होते की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले.

“प्रार्थना कमी पडली असेल” असेही आम्हाला सांगण्यात आले. आम्ही प्रार्थना करतो, आणि गोळ्याही वेळेवर देतो. बेन सिराखाच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे. प्रार्थना आणि औषध यांत भांडण लावण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि उपचार मिळाले तर अपस्मार असलेल्या दहांपैकी सात जणांच्या फिट्स थांबू शकतात. स्वमग्न मुलांत हे कधी कधी अधिक कठीण जाते. आमच्या मुलाला वर्षभरात एकच फिट आली आहे. तो स्वमग्न आहे आणि राहील.

आपण काय करावे?

कोणालाही फिट आली, तर आधी घड्याळ पाहावे. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्या, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावे, कुशीवर वळवावे. दाबून धरू नये. तोंडात बोट, चमचा, पाणी, काही घालू नये. कांदा, चप्पल, किल्ल्या यांचा उपयोग नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला, किंवा पहिल्यांदाच आला असेल, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबावे. आणि आईवडिलांनी डॉक्टरांना न विचारता औषध एकाएकी बंद करू नये. झोप मोडणे आणि गोळी चुकणे यांनी फिट ओढवते.

हे झाले शरीराचे. बाकीचे त्याहून सोपे आहे आणि त्याहून अवघडही. मिस्सात एखादे मूल मोठ्याने ओरडले तर मागे वळून पाहू नका. त्याच्या आईला “काय झालं हो याला?” असे विचारण्याऐवजी “तुम्ही कम्युनियनला जाऊन या, आम्ही बसतो त्याच्याजवळ” असे म्हणा. तिने किती वर्षे ते ऐकले नसेल!

गेल्या ख्रिस्तजयंतीपासून आम्ही पुन्हा मिस्साला येतो. बाजूच्या दाराजवळच्या बाकावर बसतो, म्हणजे लाउडस्पीकरचा आवाज त्याला सहन झाला नाही तर बाहेर जाता येते. ते काका आता आमच्याच बाकावर बसतात. दर रविवारी मुलगा त्यांच्या मनगटावरचे घड्याळ काढून घेतो, कानाशी धरतो, आणि मिस्सा संपली की परत देतो. काका त्याबद्दल काही बोलत नाहीत, नुसता हात पुढे करतात.

आमचे काय चुकले, हे आम्ही आता विचारत नाही. त्याला आज काय हवे आहे, हे विचारतो. आपणही आमच्यासोबत तेच विचारावे, एवढीच विनंती.

— आपल्याच धर्मग्रामातील एक दांपत्य